लाईट ड्यूटी नको

"शैलाबेन, आटली सही करी आपो," असं म्हणत दिनेशभाईंनी माझ्या टेबलावर एक कागद सरकवला आणि स्वतःच्या पेनचं टोपण काढून पेनही पुढे केलं. कागदावर तीनच ओळी होत्या. सुरेखा भास्कर पाटील, कलर लॅब, शेड चेकर. तब्येतीच्या कारणाने कामास अयोग्य. वेल्फेअर ऑफिसर सहमत. खाली सहीसाठी रेघ. माझी सहमती टाइप करून तयार होती, फक्त मला विचारायचं राहून गेलं होतं.

माझ्या केबिनची पुढची भिंत काचेची. काचेपलीकडे टाइम ऑफिसच्या बाकावर सुरेखा बसली होती. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर आणि नजर भिंतीवरच्या घड्याळावर. ती नाडी मोजत होती. महिनाभर ती दिवसभर हेच करत होती, आणि त्या बाकावर तिला मीच बसवलं होतं.

आधी माझं काम सांगते, म्हणजे पुढचं समजेल. कारखान्यात ठरावीक संख्येपेक्षा जास्त कामगार असले की कायद्यानं वेल्फेअर ऑफिसर ठेवावा लागतो. त्यानं कामगारांची आजारपणं, कॅन्टीन, पाळणाघर, भांडणं, सगळं बघायचं. पगार मालक देतो आणि बाजू कामगाराची घ्यायची असते, त्यामुळे दोघांनाही तो आपला वाटत नाही. मी बावीस वर्षं हे काम पलसाण्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये केलं. प्रोसेस हाऊस म्हणजे कोरा कपडा घेऊन तो धुऊन, रंगवून, छापून व्यापाऱ्याला परत देणारी मिल. दिनेशभाई तिथले जनरल मॅनेजर. माणूस दुष्ट नव्हता. गेटवर भरलेला ट्रक उभा दिसला की मात्र त्यांचं डोकं फिरायचं, आणि ट्रक रोजच उभा असायचा.

सुरेखाचं काम ऐकायला सोपं आहे. व्यापारी रंगाचा नमुना देतो, बोटभर कापड. जेट मशीन म्हणजे कपडा रंगवायचा मोठा बंद हंडा. त्यातून लॉट रंगून बाहेर आला की त्याचा तुकडा कापायचा, नमुन्याशेजारी धरायचा आणि पास की नापास ते सांगायचं. ह्यासाठी लॅबमध्ये लाइट बॉक्स असतो. आतून राखाडी रंगाची पेटी, तिच्यात दिवसाच्या उजेडासारखा उजेड देणारी ट्यूब. कारण साध्या ट्यूबलाइटखाली जुळे वाटणारे दोन तुकडे उन्हात नेले की सावत्र निघतात. सुरेखा मूळची शहाद्याकडची. आमच्याकडे लागली ती धागे कापायला. रंगखात्याच्या मास्तरांनी तिची नजर हेरली आणि लॅबमध्ये उचलून घेतलं. कापणी-घडीच्या बायकांमधून लॅबपर्यंत पोचलेली ती एकटीच. दहा वर्षं ती शेड पास करत होती आणि त्याचा अभिमान लपवत नव्हती. लग्नाला गेली तरी नवरीच्या शालूकडे बघून "ह्यात पिवळं जास्त पडलंय" म्हणायची.

दिवाळीच्या आधी लाइट बॉक्सची ट्यूब लुकलुकायला लागली. सुरेखानं रजिस्टरमध्ये लिहिलं, मेंटेनन्सला सांगितलं. ट्यूब आली नाही. ट्रक मात्र आला. राणी कलरचा मोठा लॉट होता. दिनेशभाई तिच्या डोक्यावर उभे राहिले. "टाइम नथी, सुरेखाबेन. हा की ना?" तिनं साध्या ट्यूबखाली बघून हा म्हटलं. उन्हात तो लॉट जांभळट निघाला आणि सगळाच्या सगळा परत आला.

परत आल्यावर दिनेशभाईंनी काय करावं? फोल्डिंग हॉलमध्ये सगळ्यांसमोर त्यातलं एक ठाण उलगडलं, एक टोक सुरेखाच्या हातात दिलं आणि तिला तसंच धरून उभं केलं. "आंधळा माणूस पण सांगेल," म्हणाले. मी तिथे होते. ट्यूब बदलायची चिठ्ठी माझ्या डोळ्यांसमोरून गेलेली होती. मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. ह्याची मला आजही लाज वाटते, म्हणून लिहून टाकते.

त्यानंतर सुरेखाचं बिनसलं. एकेक लॉट दहा-दहा वेळा बघायची. पास लिहायची, खोडायची, पुन्हा तुकडा मागवायची. मशीनं थांबायला लागली. मग एका दुपारी ती लॅबच्या फरशीवर खाली बसली. घामानं ब्लाउज भिजलेला, हातांना मुंग्या, ओठ पांढरे. मला म्हणाली, "मॅडम, मना जीव चालना." एरवी माझ्याशी ती नीट मराठीत बोलायची. घाबरली की अहिराणी बाहेर यायची. आम्ही गाडीत घालून दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला. हृदय ठणठणीत. तीन आठवड्यांत असं तीनदा झालं आणि तिन्ही वेळा कागद तेच बोलला. सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांनी पॅनिक अटॅक म्हणून सांगितलं, गोळी सुरू केली, दर पंधरा दिवसांनी यायला सांगितलं.

आणि मग मी माझी चूक केली. मिलमध्ये लाईट ड्यूटी नावाचा प्रकार असतो. आजारी माणसाला काढायचं नाही, हलकं काम द्यायचं. कोणाचा हात मोडला, कोणाचं ऑपरेशन झालं की मी तो अर्ज मोठ्या मनानं मंजूर करायचे. सुरेखालाही केला. लॅबमधून काढून टाइम ऑफिसच्या बाकावर बसवलं. काम काय, तर येणाऱ्या-जाणाऱ्यांचे गेट पास बघायचे. जिने चढायचे नाहीत, ओझं उचलायचं नाही. वाटलं, बिचारीला आराम मिळेल. मी घरी जाऊन ते माझ्या बहिणीला फोनवर कौतुकानं सांगितलंही.

घरीही तेच. तिचा नवरा भास्कर लूमवर कामाला, उधन्याला. त्यानं तिला पाण्याचा हंडा उचलू देणं बंद केलं. शेजारणी पोळ्या करून द्यायला लागल्या. गावाकडून नातेवाईक भेटायला आले, तिच्या खाटेभोवती बसले आणि छातीच्या दुखण्यानं कोण-कोण गेलं त्याची उजळणी करून गेले. सगळ्यांनी मिळून इतका आराम दिला की तिला आठ पावलं चालायची भीती वाटायला लागली. कारण चाललं की छाती धडधडते, धडधडली की ती मरणार. दिवसभर बाकावर बसून ती त्याच धडधडीची वाट बघायची.

हे सगळं डोक्यात असताना तो कागद माझ्यासमोर आला होता.

"दिनेशभाई, ही आजारी आहे. अयोग्य नाही," मी म्हटलं.

"फरक शुं छे, बेन? लॅबमा बेसे तो लॉट अटके छे. बाहेर बेसे तो मिल फुकट पगार आपे छे."

"तिला बाहेर मी बसवलंय. चूक माझी. तिच्या नावावर लावू नका."

"मग सही नाही करणार?"

मी त्यांचं पेन बाजूला ठेवलं, माझं उचललं आणि 'सहमत' ह्या शब्दाआधी 'अ' घातला. तारीख घातली. खाली सही केली. दिनेशभाईंनी कागद उचलून दोनदा वाचला. वीस वर्षांत मी त्यांच्या कागदावर असं काही केलं नव्हतं. मला स्वतःलाच घाम फुटला होता, पण बरं वाटलं.

"होळी सुधी," ते म्हणाले. "होळीपर्यंत ती लॅबमध्ये बसून काम करायला पाहिजे. नाहीतर दुसरा कागद येईल, आणि त्याला तुमची सही लागणार नाही."

होळीला सव्वादोन महिने होते.

आमच्या मिलचे डॉक्टर कापडिया मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे. मी सुरेखाची सगळी फाइल त्यांच्यापुढे टाकली. त्यांनी रिपोर्ट पाहिले, रक्त थोडं कमी होतं त्याच्या गोळ्या लिहिल्या, तिला तपासलं. मग तिला बाहेर पाठवून मला म्हणाले, "हिला बसवलंय कोणी?"

"मी."

"उठवा."

मी जरा चिडून विचारलं की म्हणजे नेमकं काय करू. त्यांनी टेबलावर बोट आपटत सांगितलं. हृदय जोरात पळालं की आपण मरतो, असं तिच्या मेंदूनं ठरवून टाकलंय. तुम्ही तिला बसवून ठेवलं, तेव्हा मेंदूला वाटलं, बघा, माझंच खरं, सगळे घाबरलेत. आता तिनं स्वतःहून हृदय पळवायचं. चालून, चढून, दम लागेपर्यंत. आणि मग बघायचं की ते आपोआप शांत होतं. एकदा बघून चालायचं नाही. रोज बघायचं. सरकारी दवाखान्यातली गोळी आणि तिथल्या डॉक्टरांची भेट चुकवायची नाही, व्यायाम त्याच्या जोडीला. त्यांनाही मी चिठ्ठी पाठवतो.

"पण डॉक्टर, ह्या बायका दिवसभर राबतात. घरी राबतात, इथे राबतात. त्यांना कसला आणखी व्यायाम?"

"राबताना तुम्ही दुसऱ्याच्या टाइमावर हलता, बेन. घाई, ओरडा, वाकडी मान. त्यानं शरीर झिजतं, मन काही मोकळं होत नाही. स्वतःच्या मर्जीनं अर्धा तास चालून बघा. तुम्हालाही लागू आहे," असं म्हणून त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. मी तेव्हा सत्तावन्न वर्षांची होते आणि गुडघ्यांच्या नावानं लिफ्ट वापरत होते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी सुरेखाला मागच्या जिन्यापाशी घेऊन गेले. तळमजल्यापासून गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत ऐंशी पायऱ्या. तिनं कठडा घट्ट धरला.

"मॅडम, नको. मले काही झालं तर पोरी उघड्यावर पडतील."

"डॉक्टरांनी सांगितलंय. आणि मी तुझ्याबरोबर आहे. आधी मीच पडेन."

पहिल्या दिवशी आम्ही वीस पायऱ्या चढलो. पहिल्या मजल्याच्या वळणावर ती मटकन खाली बसली आणि मनगट धरलं. "धडधड करी ऱ्हायनं, मॅडम. खूप धडधड करी ऱ्हायनं."

मलाही धाप लागली होती. मी तिचा हात धरून माझ्या छातीवर ठेवला. "माझं बघ. माझं पण करी ऱ्हायनं. मी मरतेय का?"

तिनं हात तसाच ठेवला. तिच्यापेक्षा माझंच जोरात चालू होतं. आम्ही दोघी त्या पायरीवर बसून राहिलो. पाच मिनिटांत दोघींचंही शांत झालं. तिनं मला विचारलं, "आपोआप झालं?" मी म्हटलं, "आपोआप झालं." तिचा विश्वास बसला नव्हता, पण तिनं विचारलं होतं, हे मला महत्त्वाचं वाटलं. वरच्या मजल्यावरचा एक ऑपरेटर आमच्याकडे बघून हसत खाली गेला. हसू दे म्हटलं.

आठवड्याभरात दुसरा मजला झाला. तिसऱ्या आठवड्यात एकदा मधेच खरा अटॅक आला. मुंग्या, घाम, सगळं. मी घाबरले. तिच्याहून जास्त घाबरले. गाडी बोलवायला फोन काढला, तर तीच म्हणाली, "थांबा जरा. बघते." कठड्याला टेकून उभी राहिली, डोळे मिटून. दहा-बारा मिनिटं लागली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "गेलं. चला, वर राहिलंय." त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही गच्चीवर पोचलो.

दुसऱ्याच दिवशी भास्कर माझ्या केबिनमध्ये आला. पहाटेची पाळी संपवून थेट, कानात अजून कापूस तसाच. लूमवरचे लोक मोठ्यानं बोलतात, त्यांना मशीनच्या आवाजाची सवय असते.

"मॅडम, ती आजारी शे आन् तुम्ही तिले जिनावर चढावतस? उद्या काही व्हई गयं तं कोन जबाबदार?"

"मी," मी म्हटलं. "लिहून देऊ?"

मला वाटतं त्याला भांडायचं होतं आणि मी भांडायला जागा ठेवली नाही. मग खुर्चीवर बसला आणि हळूच म्हणाला, "मले ती पाहिजे, मॅडम. बाकी काही नको." मी त्याला डॉक्टर कापडियांकडे नेलं. डॉक्टरांनी त्याला हिंदीत अर्धा तास समजावलं. तो हो हो म्हणाला आणि काहीही न पटून घरी गेला.

इकडे दिनेशभाईंपर्यंत बातमी पोचली होती. त्यांनी सर्क्युलर काढलं. मागचा जिना फक्त मेंटेनन्स स्टाफसाठी, सुरक्षेच्या कारणास्तव. जिन्याला साखळी लावली. मी वर जाऊन विचारलं, "हे कशासाठी?"

"बेन, ए पडी जाय तो पोलीस केस कोना उपर? मिल छे, जिमखाना नथी."

"होळीपर्यंत वेळ तुम्हीच दिलाय."

"टाइम आप्यो छे. जिनो नथी आप्यो."

मी खाली येऊन सुरेखाला सांगितलं. मला वाटलं होतं ती सुटल्यासारखी होईल. ती उलट तापली. दिवाळीपासून मी तिला रडताना, थरथरताना, माफी मागताना पाहिलं होतं. चिडलेली पहिल्यांदा पाहिली. "जिना काय त्यांच्या बापाचा आहे?" म्हणाली. मग जरा विचार करून, "आहेच म्हणा. मग मी बाहेर चालते. रस्ता तर त्यांचा नाही ना?"

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी सहाला घराजवळच्या डिंडोलीच्या तळ्याभोवती चालायला लागली. भास्करचे जुने कॅनव्हासचे बूट घालून, पुढे कापूस कोंबून, पाचवारी साडी घोट्याच्या वर खोचून. चाळीतल्या बायका गॅलरीत उभ्या राहून बघायच्या. एकीनं विचारलं, "काय वं सुरेखा, ऑलिंपिकले चालनी का?" हिनं चालता चालता सांगितलं, "हो, चालनी. तू बी चाल." दोन फेऱ्यांच्या चार झाल्या. मग एक फेरी पळायला लागली. पळायची म्हणजे शाळेतली मुलं पळतात तशी, हात कसेही हलवत. मी एका रविवारी बघायला गेले. बघितलं तर तिच्यामागे वीस हात अंतर ठेवून भास्कर सायकल चालवतोय. हँडलला प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि तिन्ही ईसीजी.

"पटलं नाही अजून?" मी त्याला विचारलं.

"नही," तो म्हणाला. "पन रात्री झोपी ऱ्हायनी ती आते."

सुरेखा माझ्यापाशी थांबली. चेहरा लालबुंद. मनगटाला हात लावला नाही. "मॅडम, मजा सांगू का? पळताना जसं धडधडतं ना, तसंच ते अटॅकमध्ये धडधडतं. एकच आहे ते. फक्त तेव्हा मी खुर्चीत असते म्हणून समजत नाही." डॉक्टर कापडियांनी जे मला टेबल आपटून सांगितलं होतं ते तिनं स्वतः शोधून काढलं होतं.

होळीला तीन आठवडे उरले असताना मी तिला लॅबमध्ये परत बसवायचा कागद काढला. दिनेशभाईंनी "ठीक" एवढंच लिहिलं. लाइट बॉक्सला नवी ट्यूब लागली होती. मी आधी स्वतः जाऊन ती पेटते का बघून आले. पहिले काही दिवस ती हळू होती, एकेक लॉट तीनदा बघायची. मग दोनदा. दुसऱ्या आठवड्यात एकदा तिचा अटॅक लॅबमध्येच आला. तिनं उठून कंपाऊंडला दोन फेऱ्या मारल्या, परत येऊन बसली आणि समोरचा लॉट पास केला.

मग तो बाटली-हिरवा लॉट आला. होळीला दोन दिवस. बिहारची, खानदेशची सगळी माणसं गावाला निघायच्या तयारीत, फोल्डिंगला निम्मे हात, गेटवर ट्रक. मला लॅबमधून फोन आला. गेले तर दिनेशभाई, मास्तर आणि सुरेखा लाइट बॉक्सभोवती उभे.

"बॉक्समा मॅच छे," दिनेशभाई म्हणाले. "तमे जुओ."

मी बघितलं. मला दोन्ही तुकडे सारखेच दिसले. मास्तरही म्हणाले, "बराबर छे."

सुरेखा म्हणाली, "माझं मन घेत नाही."

दिनेशभाईंनी माझ्याकडे पाहिलं. तिच्या कपाळावर घाम होता, ओठ कोरडे पडले होते. दिवाळीनंतर ती असंच म्हणायची आणि असेच लॉट अडकायचे. खरं सांगते, मलाही वाटलं, संपलं. दोन दिवस राहिले आणि हिचं दुखणं उलटलं. मी तिच्या जवळ जाऊन हळूच म्हटलं, "सुरेखा, घाबरलीस का?"

"हो, घाबरले ना," ती म्हणाली. "तो लॉट परत आला तर मी मरेन असं वाटतंय. पण ते वेगळं, मॅडम. हिरवं वेगळं."

तिनं दोन्ही तुकडे उचलले आणि लॅबच्या बाहेर पडली. मागच्या जिन्यापाशी गेली, वाकून साखळीखालून आत शिरली आणि चढायला लागली. आम्ही तिघं तिच्यामागून जाऊन साखळीपाशी थांबलो. वरून तिच्या चपलांचा आवाज येत राहिला, कुठेही न थांबता. थोड्या वेळानं ती तशीच खाली आली. धापा टाकत होती, केस सुटले होते. दिनेशभाईंसमोर उभी राहिली.

"छातीत धडधडतंय," ती म्हणाली. "पण शेड हुकलीय. उन्हात निळं मारतंय. मी पास लिहिणार नाही."

"ट्रक उभो छे."

"उभा राहू दे."

"फक्त तूच म्हणतेस. मास्तर पास म्हणतात, बॉक्स पास म्हणतो."

"हो. मी एकटीच म्हणते. तुम्हाला पाठवायचा असेल तर तुमची सही करा. माझी मिळणार नाही. आणि ह्या वेळी ठाण धरून मी उभी राहणार नाही."

मला आत कुठेतरी फार आनंद झाला, तो मी चेहऱ्यावर येऊ दिला नाही. दिनेशभाईंनी तिच्या हातातून दोन्ही तुकडे घेतले. आपल्याच साखळीखालून वाकून शिरताना त्यांच्या खिशातला मोबाइल पडला, तो मी उचलला. ते ऐंशी पायऱ्या चढून गेले.

बराच वेळ आले नाहीत. मग कठडा धरून उतरत आले आणि शेवटच्या पायरीवर बसले. चेहरा पांढरा, हात छातीवर. तुकडे मास्तरांकडे न बघताच पुढे केले. "टॉपिंगमा नाखो," एवढंच म्हणाले. टॉपिंग म्हणजे चुकलेला लॉट पुन्हा मशीनमध्ये घालून रंग सुधारायचा. मास्तरांनी मान खाली घातली. नेहमीचा रंग संपला म्हणून त्यांनी त्या दिवशी दुसरा वापरला होता, आणि बॉक्समधला उजेड शेवटी उन्हाची नक्कलच, म्हणून तिथे जुळणारा लॉट उन्हात फुटला होता. हे त्यांनी मग सांगितलं.

सुरेखा दिनेशभाईंपुढे वाकली. "भाई, असे बसू नका. उठा, दोन पावलं चाला. शांत होतं ते."

ते तिच्याकडे रागानं बघत राहिले. मग उठले आणि कॉरिडॉरमध्ये इकडून तिकडे चालायला लागले. दुसऱ्या दिवशी ते डॉक्टर कापडियांना दाखवून आले, असं मला कम्पाउंडरनं सांगितलं.

होळीनंतर जिन्याची साखळी गेली. सर्क्युलर भिंतीवरून कोणी उतरवलं नाही, ते तसंच पिवळं पडलं. दुसरा कागद आला नाही. सुरेखा आजही त्या लॅबमध्ये आहे. गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी करून सात-आठ महिन्यांनी बंद केली. अटॅक वर्षातून एखादा येतो, तिच्याच शब्दांत सांगायचं तर "येतो, बसतो, जातो." तळ्यावर आता तिच्याबरोबर चाळीतल्या चार बायका असतात. मी रिटायर झाले, पण माझ्याही तीन फेऱ्या होतात आणि लिफ्टचं बटण मी तेव्हापासून दाबलेलं नाही.

नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत मी लाईट ड्यूटीचे अर्ज पूर्वीसारखे डोळे मिटून मंजूर केले नाहीत. समोरच्या माणसाला आधी विचारायचे, दमला आहेस की घाबरला आहेस? दमलेल्याला खुर्ची दिली. घाबरलेल्याला आधी डॉक्टरांकडे नेलं आणि मग जिना दाखवला. आणि ज्यांनी सांगितलं की आम्हाला काहीच झालेलं नाही, फक्त दिनेशभाईंचा कंटाळा आलाय, त्यांना मी परत कामावर पाठवलं, कारण त्यावर माझ्याकडेही औषध नव्हतं.